चढ, तप आणि बिरसीची सपाटी

बिरसीत चढ नाही. गोंदिया शहरापासून साधारण बारा किलोमीटरवरच्या या गावाला बाहेरचे लोक ओळखतात ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. मार्च २०२२ मध्ये इथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली, आणि वैमानिक घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटही इथेच आहे. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम तीनशे मीटर. आजूबाजूला धानाच्या बांध्या, मध्ये मध्ये बोड्या आणि तलाव. रस्ता एखाद्या पुलावर चढला तर तेवढाच काय तो चढ.

अशा मुलखात सायकल शिकलेला हौशी सायकलस्वार पहिल्यांदा घाटाला लागतो तेव्हा त्याची पुरती दमछाक होते. तो दरेकसाच्या डोंगराकडे जातो, बालाघाटहून बैहरचा घाट धरतो, किंवा सुट्टी काढून थेट मेळघाटात चिखलदऱ्याला पोचतो. सपाटीवर ताशी अठ्ठावीस-तीसने सहज जाणारा हा गडी तिसऱ्या वळणावर धापा टाकू लागतो, आणि पुढे कुठेतरी खाली उतरून सायकल ढकलतो. घरी आल्यावर लोक कौतुकाने त्याच्या त्रासाला तपश्चर्या म्हणतात. त्या कौतुकात एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. माणसाने स्वतःहून ओढवून घेतलेल्या शारीरिक कष्टाला काही आध्यात्मिक मोल असते का? असेल, तर कोणत्या कष्टाला? चढ अधिक चांगला कसा चढावा, हा प्रश्न सायकलच्या दुकानात विचारायचा आणि तपाचा प्रश्न कीर्तनात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घाटातल्या रस्त्यावर हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

आधी चढ म्हणजे काय ते पाहावे लागते. सत्तर किलोचा माणूस आणि दहा किलोची सायकल, पाणी, सामान, असे ऐंशी किलो वजन धरू. शंभर मीटरमागे सहा मीटर उंची वाढणाऱ्या घाटात ताशी दहा किलोमीटरने जायचे तर पायांना सुमारे १४५ वॉट ताकद लावावी लागते. तेवढ्याच ताकदीत, वारा नसेल तर, बिरसीच्या रस्त्यावर हाच माणूस ताशी अठ्ठावीस-एकोणतीस किलोमीटरने जातो. म्हणजे मेहनत सारखीच, पण वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. सपाटीवर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, चढावर ती वजन वर उचलण्यात जाते. आणखी एक फरक शरीराला चटकन जाणवतो. सपाटीवर पेडल मारणे थांबवले तरी सायकल बरेच अंतर आपली आपण जाते. चढावर पाय थांबले की काही सेकंदांत सायकलही थांबते. मागच्या वेगावर पुढचा क्षण निभावून नेण्याची सोय तिथे नसते.

म्हणूनच नवखा माणूस घाटात घाबरतो, आणि घाबरला की जोर करतो. पहिल्या किलोमीटरलाच तो आपल्या क्षमतेपलीकडे जातो. स्नायूंना रक्तातून मिळणारा प्राणवायू पुरेनासा होतो, श्वास तोकडा पडतो, मांड्या भरून येतात. यानंतर वेग कमी केला तरी पाय लवकर सावरत नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत केलेली घाई पुढची चाळीस मिनिटे फेडावी लागते. जाणते सायकलस्वार नवख्याला चढाच्या तंत्राबद्दल पहिली गोष्ट सांगतात ती हीच: सुरुवातीला वाटते त्यापेक्षा हळू जा.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाची जी छाननी आहे, ती या घाईला नेमकी लागू पडते. तप म्हणून जे जे केले जाते ते सगळे चांगले, असे गीता मानत नाही. शरीरातल्या भूतसमुदायाला कष्टवणारे, दंभाने आणि आग्रहाने केलेले घोर तप ती आसुरी ठरवते. मान मिळावा, लोकांनी पाहावे म्हणून केलेले तप राजस, आणि ते टिकत नाही. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस. आजचा सायकलस्वार स्ट्राव्हा अॅपवर चढाचा वेळ टाकतो आणि कुणी आपल्यापेक्षा आठ सेकंद आधी पोचले म्हणून आजारी असतानाही दुसऱ्या दिवशी पुन्हा घाटात जातो. तेव्हा तो राजसातून तामसाकडे निघालेला असतो, आणि त्याच्या गुडघ्यांना ते त्याच्याआधी कळते.

या वाटेचे टोक कुठे आहे हे सायकलच्या इतिहासात नोंदलेले आहे. फ्रान्समधला माँ व्हाँतू हा उघडाबोडका डोंगर १९०० मीटरहून थोडा अधिक उंच आहे. बेद्वाँ गावाकडून त्याचा चढ एकवीस किलोमीटरचा. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स या शर्यतीत टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू त्या चढावर, शिखर थोड्याच अंतरावर असताना, सायकलवरून कोसळला आणि मरण पावला. वय अवघे एकोणतीस. दोन वर्षांपूर्वीच तो जगज्जेता झाला होता. दिवस भयंकर उन्हाचा होता, पोट बिघडलेले होते, आणि त्याच्या शरीरात अॅम्फेटॅमिन या उत्तेजकाचे व मद्याचे अंश सापडले. उत्तेजकाचे काम असे की ते थकव्याची सूचना मेंदूपर्यंत पोचू देत नाही. शरीर थांब म्हणत असते आणि माणसाला ते ऐकूच येत नाही. सिम्पसन पडला त्या जागी स्मारकशिळा आहे. येणारे-जाणारे सायकलस्वार तिथे टोपी किंवा पाण्याची बाटली ठेवून पुढे जातात. त्याच्या धैर्याला नमस्कार करावा हे योग्यच. पण त्याच्या मरणाला तपाचा मान देणे चूक आहे, आणि अनेक लेखांतून तो दिला जातो म्हणून हे स्पष्ट म्हणायला हवे.

याच डोंगरावर १३३६ साली इटलीचा कवी पेत्रार्क आपल्या भावाबरोबर पायी चढला होता. वर पोचल्यावर त्याने सोबत आणलेले संत ऑगस्टीनचे पुस्तक उघडले, आणि डोंगर पाहायला आलेला तो स्वतःच्या आत काय चालले आहे याचा विचार करत गप्प गप्प खाली उतरला.

स्वतःहून घेतलेल्या कष्टाला मोल आहे का, या प्रश्नावर बुद्धाने दिलेले उत्तर विदर्भाच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून या भागात गावोगावी विहारे उभी राहिली आहेत. पाली ग्रंथांत सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. सुखवस्तू घरातला, पायाचे तळवे अतिशय कोमल. प्रव्रज्या घेतल्यावर तो चंक्रमण करत, म्हणजे येरझाऱ्या घालत, इतकी कठोर साधना करू लागला की तळवे फुटून वाट रक्ताने माखली. तरी चित्त मुक्त होईना. आपले काही जमत नाही, घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले. बुद्धाने त्याला त्याच्या पूर्वायुष्यातल्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या की वीणा बोलत नाही, सैल सोडल्या तरी बोलत नाही. वीर्य, म्हणजे प्रयत्नाची शक्ती, तितकीच समतोल ठेव, असा उपदेश त्याला मिळाला.

ही वीणा सर्वांना माहीत असते. हकीकतीचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि सायकलस्वाराच्या कामाचा तोच आहे. विनयपिटकात म्हटले आहे की या प्रसंगानंतर बुद्धाने सोणाला एकपदरी वहाणा घालायची मुभा दिली. ही सवलत मला एकट्याला नको, संघातल्या सर्वांना असावी, असे सोणाने म्हटले, आणि ती सर्वांना मिळाली. उपदेशाबरोबर एक साधी व्यवस्थाही झाली. पाय रक्ताळत असतील तर पायात काही घालावे. त्यात साधनेचा कमीपणा नाही.

सायकलच्या जगात या वहाणांची जागा हलक्या गिअरने घ्यावी. शर्यतीचे खेळाडू वापरतात ते जड गिअर आपणही वापरले पाहिजेत, अशी हौशी लोकांची समजूत असते. पुढे चौतीस दात्यांचे चक्र आणि मागे बत्तीस किंवा चौतीस दात्यांचे, अशी जोडी असेल तर सहा-सात टक्क्यांचा चढही मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांनी बसून चढता येतो. जड गिअर लावला की फेऱ्या चाळीसवर येतात, प्रत्येक फेरीला गुडघ्यावर ताण पडतो आणि पाय लवकर संपतात. तरीही हलका गिअर लावणे म्हणजे हार मानणे असे मानणारे पुष्कळ भेटतात. तळव्यांतून रक्त येईपर्यंत येरझाऱ्या घालणारा सोण त्यांना ओळखीचा वाटला असता. दुकानदाराला सांगून मागची चक्रे बदलून घेणे, हा चढ सुधारण्याचा बहुतेकांसाठी सर्वांत थेट उपाय आहे. सायकलीचे वजन एक किलोने कमी करायला लोक हजारो रुपये घालवतात. ऐंशी किलोच्या हिशेबात त्याने तासाभराच्या चढावर चाळीसेक सेकंद वाचतात.

इथे एक अवघड शंका उभी राहते. सुधारणा हवी, असे म्हणणे म्हणजेच फळाची इच्छा धरणे. मग फळाची आसक्ती सोडायला सांगणारी गीता आणि रोज सराव करणारा सायकलस्वार यांचे जमायचे कसे? उद्दिष्टच नसेल तर पहाटे पाचला उठून सायकल काढील कोण?

या शंकेला पॉवर मीटर नावाचे यंत्र एक वेगळे उत्तर देते. पेडलवर किती ताकद पडते हे ते वॉटमध्ये दाखवते. घड्याळ दाखवते ते वर पोचायला किती वेळ लागला. समोरून वारा आला, ऊन चढले, रस्ता उखडलेला निघाला, मध्ये गुरांचा कळप आडवा आला, तर घड्याळातला वेळ बिघडतो. पायांनी लावलेली ताकद तीच असू शकते. ज्यावर माणसाचा अधिकार आहे ते यंत्र मोजते, आणि ज्यावर नाही ते घड्याळ मोजते. सराव शिकवणारे आज सहसा सांगतात की चढावर घड्याळ पाहू नका, लावलेली ताकद एकसारखी ठेवा. कर्मावर अधिकार, फळावर नाही, ही गीतेची शिकवण त्यांनी वेगळ्या वाटेने, मोजमाप करून, पुन्हा गाठली आहे. यंत्र महाग आहे आणि ते नसले तरी काही अडत नाही. चढताना एक पूर्ण वाक्य सलग बोलता येते का, एवढे पाहिले तरी प्रयत्नाची मात्रा कळते. दोन-तीन शब्दांतच दम तुटत असेल तर लांब घाटासाठी ती मात्रा जास्त आहे.

उद्दिष्टाचे काय, हे मात्र यंत्र सांगत नाही. त्यासाठी विनोबांकडे जावे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात बाहेरची कृती हे कर्म, त्या कृतीत ओतलेले मन हे विकर्म, आणि दोन्ही एकरूप झाली की कर्माचे ओझे उरत नाही, ते अकर्म होते, असा विचार आहे. उद्दिष्ट दिशा देण्यापुरते असावे. दिशा ठरली की लक्ष हातातल्या कामात उतरले पाहिजे. घाटात याचा पडताळा लगेच मिळतो. ज्याची नजर सतत वरच्या वळणावर असते त्याचे खांदे ताठरतात, हँडलवरची पकड आवळते, श्वास वर वर चालतो. ज्याचे लक्ष या फेरीत आणि या श्वासात असते त्याचे हात सैल राहतात आणि ती ताकद पायांकडे जाते. रोज शंभर वेळा असे लक्ष परत आणावे लागते. त्यालाच अभ्यास म्हणतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनासाठी अभ्यास आणि वैराग्य हे दोनच उपाय सांगितले आहेत. त्याच अध्यायात युक्त आहार, युक्त विहार आणि युक्त झोपेचाही आग्रह आहे, आणि हौशी सायकलस्वार नेमका तोच विसरतो. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीत. तीन आठवडे सराव वाढवत नेल्यावर चौथा आठवडा हलका ठेवणे, लांब चढावर दर तासाला केळी, गूळ, खजूर असे काहीतरी पोटात जाऊ देणे, रात्री पुरेशी झोप घेणे, हे सारे शरीराचे लाड समजू नयेत.

मग बिरसीच्या माणसाने हा अभ्यास करायचा कुठे? इथेच. सपाट मुलखातली हवा हा त्याचा घाट. समोरून ताशी पंधरा किलोमीटरचा वारा असेल तर मघाच्याच १४५ वॉटमध्ये सायकल ताशी एकवीसवर येते, आणि वाऱ्याला वळण नसते, उतारही नसतो. अशा वाऱ्यात वीस मिनिटे एका मात्रेत पेडल मारायचे, पाच-दहा मिनिटे हलके जायचे, पुन्हा वीस मिनिटे, असा सराव आठवड्यातून दोनदा केला तर घाट चढायचे पाय सपाटीवर तयार होतात. अधूनमधून गिअर जड ठेवून, जोर न वाढवता, मिनिटाला पंचावन्न-साठ फेऱ्यांनी काही मिनिटे जायचे, म्हणजे चढावरचा संथ आणि भरीव पेडल पायांना ओळखीचा होतो. गुडघा दुखला तर ते लगेच सोडायचे. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारा शिकाऊ वैमानिकही मात्रेचाच धडा शिकतो: वेग पुरेसा नसताना विमानाचे नाक फार वर ओढले तर पंखांची उचल संपते.

हे केवळ कागदावरचे नाही. नागपूरही असेच सपाट, तीनशे मीटरच्या आसपास उंचीचे. त्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका ही स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून मेरीलँडच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, एकूण चढाई सुमारे पावणेदोन लाख फूट, आणि मुदत बारा दिवसांची. वाटेत रॉकी पर्वतातली वुल्फ क्रीक खिंड ३३०० मीटर उंचीवर आहे. त्याच वर्षी श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ही स्पर्धा एकट्याने पार केली. त्याआधी कोणा भारतीयाला एकट्याने ते साधले नव्हते. दोन वर्षे आधी, २०१५ मध्ये, नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली होती. समर्थ यांनी २०१८ मध्ये सायबेरियातून रशिया ओलांडणारी नऊ हजार किलोमीटरहून लांबची स्पर्धाही संपवली. घराजवळ पर्वत नसणे ही अडचण आहे, सबब नाही.

गोंदिया जिल्ह्याला चढाचा आणखी एक धडा माहीत आहे. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी या गुहेत कोंडलेल्या मुलांना मुक्त केले आणि तिथून गोंडी धर्म व गोत्रव्यवस्था उभी राहिली, अशी कोया पुनेमची, म्हणजे या गोंडी धर्माची, श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव इथे येतात आणि डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया, सगळे चढतात. कोण आधी पोचले याची नोंद कुणी ठेवत नाही. पूर्वजांच्या घरी जाण्याचा तो रस्ता आहे. डोंगराला प्रतिस्पर्धी मानून त्याच्यावर विजयाचा झेंडा रोवण्याची भाषा सायकलच्या मासिकांत फार असते. कचारगडला ती उच्चारूनही पाहता येत नाही. सायकलच्या जगातही डोंगराकडे असे नम्रपणे पाहणारी एक जागा आहे: इटलीत कोमो सरोवरावरच्या घिसाल्लो खिंडीतले एक लहानसे चर्च. १९४९ मध्ये पोप पायस बारावे यांनी तिथल्या मातेला सायकलस्वारांची संरक्षक देवता म्हणून मान्यता दिली. तिथे भिंतींवर विजेत्यांच्या सायकलींबरोबर फाबियो कासार्तेल्ली या तरुणाची सायकलही आहे. तो १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या उतारावर पडून गेला. जिंकलेल्याला आणि गेलेल्याला तिथे एकाच छपराखाली जागा आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत टोचणारा प्रश्न. आषाढ-श्रावणात बिरसीच्या रस्त्याने हेल्मेट घातलेला सायकलस्वार सरावाला निघतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या बांध्यांत बाया चिखलात वाकून रोवणी करत असतात. दिवसभर. त्यांचे कष्ट कुणी मोजत नाही, कुणी त्याला तपश्चर्या म्हणत नाही. त्याच रस्त्याने मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली शाळेत जातात. त्यांना चढ नको आहे, वेळेवर शाळा हवी आहे. निवडलेला त्रास हा न निवडलेल्या त्रासापेक्षा वरच्या दर्जाचा, असे मानायला कोणताही आधार नाही. सराव थांबवता येतो, रोवणी थांबवता येत नाही. एवढ्या एका फरकानेच हौशी माणसाने आपल्या घामाबद्दल नम्र राहिले पाहिजे. घाट चढणे हा खेळ आहे, उत्तम खेळ आहे. मन आवरायला, हट्ट ओळखायला आणि मात्रा पाळायला तो शिकवतो, एवढ्यापुरता तो साधनेच्या जवळ येतो. केवळ त्रासामुळे तो तप होत नाही.

येत्या हिवाळ्यात ज्याला पहिला घाट चढायचा आहे, त्याने दसऱ्यानंतर सरावाला लागावे, मागची चक्रे मोठ्या दात्यांची बसवून घ्यावीत आणि दिवाळीनंतरच्या वाऱ्याला कंटाळू नये. माघात कचारगडला जायचे झाले तर सायकल पायथ्याशी कुलूप लावून ठेवावी, गर्दीबरोबर गर्दीच्याच चालीने वर चढावे, आणि आपली पाण्याची बाटली आपल्याबरोबर खाली आणावी.